बुधवारचा बायबल वर्ग (योहानाचं पहिलं पत्र, दहा आठवडे): माझा अनुभव

सगळ्यांना सलाम. मंडळीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की वर्ग कसा होता, पुढच्या बॅचला नाव घालू का, म्हटलं प्रत्येकीला वेगवेगळं फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. वर्ग बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रावर आहे आणि पुण्यातल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमधे असतो. चर्चचं नाव लिहीत नाही, कारण मला न पटलेल्या गोष्टीपण खाली लिहिणार आहे आणि ती माणसं मनापासून करतायत, उगाच कुणाला लागायला नको.

आधी कामाचं सांगते. दर बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते सव्वाआठ, असे दहा बुधवार, फी ३५० रुपये, त्यात स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स आणि चहा-बिस्किटं आली. पवित्र शास्त्र आपलं आपण न्यायचं, वर्गात आर. व्ही. वापरतात, म्हणजे बायबल सोसायटीचं आपल्या बहुतेकांच्या घरी असतं तेच, आणि पुस्तक न्यायला जड वाटत असेल तर मोबाइलवर यूव्हर्जनच्या बायबल ॲपमधे मराठी आहेच. आम्ही सुरुवातीला २७ जण होतो, शेवटपर्यंत २१ टिकलो. शिकवायला दोघं, एक पाळकसाहेब आणि एक रिटायर झालेल्या शाळेच्या बाई, पण खरं सांगायचं तर वर्ग बाईंचा आहे, पाळकसाहेब स्वतःच मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसायचे.

विषय एकच, तारणाची खात्री. म्हणजे मी देवाचं लेकरू आहे हे मला कशावरून कळतं, आणि विश्वासात नवीन असताना, मधल्या वयात आणि म्हातारपणी ते कळणं बदलतं का.

मी का गेले ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे नगरकडचे, माझी ख्रिस्ती घरातली चौथी पिढी. तान्हेपणी बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणं), मग बारा वर्षं संडे स्कूल शिकवलं, महिला मंडळात सेक्रेटरी होते, उपासना संगीतातली निम्मी गाणी पुस्तक न उघडता येतात. आणि एवढं सगळं असून रात्री दिवा घालवल्यावर मनात यायचं की हे सगळं मी करतेय ते ठीक आहे पण देवाने मला खरंच आपलं म्हटलंय का. कॉलेजात असताना एका शिबिराला गेले होते, शेवटच्या रात्री वक्त्याने विचारलं, आज रात्री मेलात तर कुठे जाल, आणि ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांना हात वर करायला लावले. मी केला. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिबिरात परत केला. असा मी चार वर्षांत चार वेळा हात वर केलाय, चारही वेळा कुणीतरी माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि चारही वेळा महिन्याभरात पुन्हा तीच भीती. त्यानंतर मी हा विषयच सोडून दिला होता, लोक खात्रीबद्दल साक्ष द्यायला लागले की मी मुलांना पाणी पाजायला बाहेर जायचे.

मग गेल्या वर्षी आईचं झालं. आई ८३ वर्षांची, मिशन हॉस्पिटलात जवळजवळ चाळीस वर्षं नर्स होती, किती मरणाऱ्या माणसांचा हात धरून तिने प्रार्थना केली असेल त्याची गणती नाही. आता तिची स्मरणशक्ती जात चालली आहे. एका रात्री दोनच्या सुमाराला तिने मला हलवून उठवलं आणि विचारलं, "बाळा, मला घेईल ना गं तो?" मी म्हटलं घेईल ना आई, झोप. पण ती झोपल्यावर मी सकाळपर्यंत जागी होते, कारण मी जे म्हटलं ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं तिला जर ८३ व्या वर्षी खात्री नाही तर ती खात्री येते तरी कधी, हा प्रश्न घेऊन मी पहिल्या बुधवारी गेले.

पहिले दोन वर्ग साधारण होते, पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, मंडळीतून काही लोक फुटून गेले होते आणि मागे राहिलेले हादरले होते ते वगैरे. तिसऱ्या बुधवारसाठी मी अख्खी फी पुन्हा भरेन.

त्या दिवशी दुसऱ्या अध्यायातल्या १२ ते १४ ओव्या होत्या, जिथे योहान मुलांनो, बापांनो, तरुणांनो असं म्हणत एकेकाला लिहितो आणि मग परत फिरून तिघांना लिहितो. हे मी शंभरदा तरी वाचलं असेल, पुढे जायची घाई म्हणून नुसती नजर फिरवली असेल. बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले. मुलांच्या रकान्यात लिहिलं, पापांची क्षमा झाली आहे, आणि त्याखाली, पित्याला ओळखता. तरुणांच्या रकान्यात, त्या दुष्टाला (म्हणजे सैतानाला) जिंकलं आहे, बलवान आहात, देवाचं वचन तुमच्यात राहतं. मग बापांच्या रकान्यात लिहिलं, जो प्रारंभापासून आहे त्याला ओळखता. आणि त्याच्याखाली खडूने परत अगदी तेच, अक्षर न अक्षर, जो प्रारंभापासून आहे त्याला ओळखता. एवढं करून खडू खाली ठेवला आणि पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. हॉलमधे फक्त पंख्याचा आवाज. मग विचारलं, म्हाताऱ्यांना नवीन काय दिलं?

काहीच नाही दिलं. तरुणांना तीन गोष्टी आहेत, लढाई आहे, जिंकणं आहे, ताकद आहे. जे सगळ्यात पुढे गेलेत त्यांच्या नावावर एवढ्या वर्षांची सेवा नाही, किती उपास केले ते नाही, फक्त तुम्ही त्याला ओळखता, आणि दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तरी त्यात एक शब्द वाढवावासा योहानाला वाटला नाही. आणि जे काल आलेत, ज्यांना अजून प्रार्थना कशी सुरू करायची तेही कळत नाही, त्यांना सगळ्यात पहिलं काय सांगितलं, तर क्षमा झाली आहे. होईल नाही, झाली आहे. बाई म्हणाल्या की मूळ ग्रीकमधे क्षमा झाली, ओळखलं, जिंकलं ही सगळी क्रियापदं होऊन गेलेल्या आणि अजून टिकून असलेल्या गोष्टीची आहेत. म्हणजे खात्री ही शेवटच्या पायरीवर मिळणारी गोष्ट नाहीच, ती पहिल्याच पायरीवर हातात ठेवलेली आहे. मी चाळीस वर्षं उलटं धरून बसले होते, मला वाटायचं मी पुरेशी मोठी झाले की मला खात्री वाटेल.

मग गृहपाठ दिला, लाल पेन्सिल घ्या आणि अख्ख्या पत्रात जिथे जिथे तो मुलांनो म्हणतो तिथे खूण करा. पाचच अध्यायांचं पत्र आहे, रात्री जेवणं झाल्यावर बसले. नऊ ठिकाणी निघालं. ग्रीकमधे शब्द दोन आहेत म्हणे, सात ठिकाणी एक, ज्यात जन्म दिलेलं लेकरू असा अर्थ आहे, आणि दोन ठिकाणी दुसरा, लहान मूल या अर्थाचा. पण बापांनो आणि तरुणांनो हे फक्त त्या तीन ओव्यांत येतं, परत कुठेच नाही. बाकी सगळ्या पत्रात, अगदी शेवटच्या वाक्यातसुद्धा, तो सरसकट सगळ्यांना मुलांनोच म्हणतो. म्हणजे त्यातले बापसुद्धा त्याच्या लेखी लेकरंच. ते मला इतकं लागलं की काय सांगू. वाढायचं आहे, पण लेकरू असण्यातून बाहेर पडायचं नाहीये, ओळख तीच राहते आणि त्या ओळखीच्या आत माणूस मोठा होतो.

पाचव्या आठवड्याला तिसरा अध्याय होता, जो देवापासून जन्मला तो पाप करत नाही ती ओवी. ह्या ओवीने किती जणांची झोप उडवलीय ते त्या दिवशी कळलं. एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, रोज आयटी कंपनीतून सरळ बॅग घेऊनच यायचा, तो उठून म्हणाला की बाई मी रोज हरतो, एकाच गोष्टीत हरतो, मग मी दुष्टाला जिंकलंय हे माझ्याबद्दल कसं खरं. सगळे गप्प. बाईंनी त्याला काय पाप आहे ते विचारलं नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी पहिला अध्याय उघडायला लावला, जिथे योहानच म्हणतो की आमच्यात पाप नाही असं म्हणू तर आपण स्वतःला फसवतो, आणि त्याच्या पुढेच आहे की कबूल केलं तर तो क्षमा करतो. मग म्हणाल्या, हे दोन्ही एकाच माणसाने एकाच पत्रात लिहिलंय, तेव्हा पाप करत नाही म्हणजे एकदाही पडत नाही असं तो म्हणत नाहीये, पापात घर करून राहत नाही असं म्हणतोय, तू हरतोस आणि तुला ते सहन होत नाही म्हणून इथे उभा आहेस, मेलेल्याला टोचत नाही रे बाळा. आणि मग विचारलं, तुला वचन पाठ काय आहे? तो म्हणाला फक्त तेविसावं स्तोत्र, आजीने शिकवलेलं. म्हणाल्या, म्हण. आणि त्याने म्हटलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे पासून शेवटपर्यंत, मधे आवाज गेला तेव्हा मागच्या दोन बायकांनी त्याच्याबरोबर म्हटलं. बाईंनी फळ्यावरच्या तरुणांच्या रकान्याकडे बोट दाखवलं, देवाचं वचन तुमच्यात राहतं, बाकी काही समजावलं नाही.

त्याच अध्यायात पुढे आहे की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असेल तर देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सगळं कळतं. मला आधी वाटायचं ही धमकी आहे. आता ती ओवी माझ्या किचनमधे फ्रिजवर चिकटवलेली आहे.

सहावा आठवडा पंडिता रमाबाईंचा होता आणि तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का होता, कारण त्यांच्याबद्दल आपल्याला शाळेपासून सगळं माहीत आहे असं वाटतं. १८८३ साली इंग्लंडमधे वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या छोट्या लेकीचा, मनोरमेचापण. तिथून अमेरिकेला गेल्या, परत आल्या, १८८९ मधे मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवायला लागल्या, त्यासाठी केवढ्या शिव्या खाल्ल्या. बाहेरून बघितलं तर ह्यापेक्षा पक्कं ख्रिस्ती जीवन काय असतं. आणि त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! म्हणजे शारदा सदन सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा. बाईंनी तेच तीन रकाने परत काढले आणि विचारलं, १८९० सालच्या रमाबाईंना कुठे बसवाल? कामाच्या हिशोबाने कुणीही त्यांना तिसऱ्या रकान्यात बसवलं असतं, आणि त्या स्वतः म्हणतायत की पहिल्या रकान्यातली पहिली ओळ, क्षमा झाली आहे, तीच त्यांच्या हातात नव्हती. त्यानंतरचं सगळं, दुष्काळातल्या मुली, केडगावचं मुक्ती मिशन, म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर (त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ ला निघालं), हे सगळं त्या पहिल्या ओळीवर उभं राहिलं. मला त्या दिवशी खूप मोकळं वाटलं. रमाबाईंना विचारायला लाज वाटली नाही तर मला का वाटावी.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी एकदाच तोंड उघडलं आणि मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लींचं सांगितलं, की तो माणूस दीक्षित पाळक होता, अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणून जाऊन आला होता, आणि तरी लंडनला ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत २४ मे १७३८ च्या रात्री त्याला पहिल्यांदा वाटलं की ख्रिस्ताने माझी, माझी स्वतःची पापं घेतली. आणि कवी रेव्हरंड टिळकांच्या घरचंही आलं, नारायण वामनांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं पाच वर्षांच्या अंतराने आली, तेव्हा नवऱ्याची खात्री बायकोला उसनी घेता येत नाही हे आमच्या वर्गातल्या काही काकूंनी फार जोरात मान हलवून मान्य केलं.

वसईकडची एक कॅथलिक बाई यायची, तिने सांगितलं की त्यांच्याकडे अशी पक्की खात्री आहे असं म्हणणं उद्धटपणाचं मानतात, आशा धरायची आणि कृपेत टिकून राहायचं. ह्यावर वाद झाला नाही, बाईंनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं आणि फरक आहे तो आहे असं सांगितलं. मला वाटतं अजून बोलायला हवं होतं, तिचा मुद्दा वजनदार होता, खात्रीच्या नावाखाली निष्काळजी झालेली माणसं आपणही बघतोच की.

आता न पटलेलं. सगळ्यात मोठी चूक पहिल्या दिवशी झाली. चर्चेचे गट पाडले ते वयावरून, मुलं, तरुण आणि वडील. आमच्यात एक ७० वर्षांचे काका होते, त्यांचा बाप्तिस्मा होऊन जेमतेम आठ महिने झालेले, त्यांना वडील गटात बसवलं आणि गटाचं पुढारपणपण दिलं, ते बिचारे तीन आठवडे गप्प बसले, कारण पत्र कुठे सापडतं तेही त्यांना माहीत नव्हतं. आणि एक १९ वर्षांची मुलगी, जिने आईच्या कॅन्सरमधे दोन वर्षं घर सांभाळलं आणि जिच्या प्रार्थनेत जे आहे ते माझ्या प्रार्थनेत नाही, ती लहानांत. ज्या पत्रावर वर्ग आहे त्यात वय म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं वय नाही, एवढं तरी आयोजकांनी बघायला हवं होतं. चौथ्या आठवड्यात गट बदलले, पण तोपर्यंत दोघं-तिघं यायचे थांबले होते.

दुसरं म्हणजे तो फॉर्म. दुसऱ्या आठवड्यात एक छापील फॉर्म दिला, प्रार्थना किती वेळ, वचन किती वेळ, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) देता का, आणि शेवटी मार्क मिळवून आपण कोणत्या पायरीवर ते बघायचं. मला हा प्रकार अजिबात आवडला नाही. पुढच्याच आठवड्यात बाई सांगणार की बापांच्या रकान्यात कामाची यादी नाही, आणि इथे यादीवर मार्क. माझ्या शेजारच्या काकूंना दहापैकी तीन आले आणि त्या रडवेल्या झाल्या. मी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलं, ते म्हणाले पुढच्या वेळी काढून टाकू. काढला की नाही ते तुम्ही जाल तेव्हा बघा, दिला तर भरू नका.

नोट्सचं झेरॉक्स वाईट आहे, अक्षर बारीक, साठीच्या पुढच्यांना चष्म्यानेसुद्धा दिसत नाही. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पावणेदोन तास बसून कंबर धरते, उशी न्या. हॉलला तीन पायऱ्या आहेत आणि रँप नाही, व्हीलचेअरवाल्या एका आजोबांना दोघांनी उचलून आणावं लागायचं. आणि पाचव्या अध्यायातलं मरणाला नेणारं पाप ही ओवी शेवटच्या दहा मिनिटांत उरकली, जी ओवी घाबरट मनाच्या माणसाला सगळ्यात जास्त छळते तिला पूर्ण संध्याकाळ द्यायला पाहिजे होती.

तरी पाचपैकी साडेचार. ज्याला बायबलची माहिती गोळा करायची आहे त्याला कदाचित कमी वाटेल. पण नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांनी, आणि माझ्यासारख्या जन्मापासून चर्चमधे असून विचारायची चोरी झालेल्यांनी जरूर जावं. घरात म्हातारं माणूस असेल तर नक्कीच.

आईचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या बुधवारनंतर मी घरी येऊन तिला ते तीन रकाने वहीवर काढून दाखवले आणि म्हटलं बघ आई, जुन्या माणसांना योहान एकच गोष्ट दोनदा सांगतो. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "म्हातारी माणसं विसरतात ना, म्हणून सांगितलं असेल परत." रात्री अजून उठते ती, अजून विचारते, घेईल ना गं तो. आता मी झोप म्हणत नाही. मी म्हणते, जो प्रारंभापासून आहे त्याला, आणि ती म्हणते, ओळखते मी. कधीकधी दोनदा म्हणावं लागतं.

पुढची बॅच ईस्टरनंतरच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतेय, नाव आधी द्यावं लागतं कारण हॉलमधे तीसच खुर्च्या आहेत. पत्ता हवा असेल तर मला मेसेज करा, पहिल्या दिवशी बरोबर यायला मी तयार आहे.